नाव तुझं, पैसे माझे

कुंदा, तुझ्यावर मी अजून चिडलेलाच आहे, हे आधी सांगून टाकतो. तेरवीला आलेले सगळे तुझ्याबद्दल गोड बोलून गेले. तू किती शांत होतीस, किती सोसलंस. मी मान हलवत बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, शांत? हे कोणत्या बाईबद्दल बोलतात? आपण दोघं एकतीस वर्षं भांडत आलो. आता एकदम हळव्या आवाजात बोलायला लागलो तर तूच म्हणशील, यांना ऊन लागलेलं दिसतं, कांद्याचा रस द्या.

भांडण अर्धवट टाकून गेलीस, हा माझा पहिला राग. दुसरा त्याहून मोठा आहे. मला न सांगता तू एक काम करून ठेवलंस आणि ते मला पोस्टाच्या खिडकीवर एका परक्या बाईच्या तोंडून कळलं. त्या दिवसापासून काल दुपारपर्यंत, सलग बारा दिवस, मी आपल्याच घरात चोरासारखा वावरलो. तुला जाऊन पाच आठवडे झाले आणि तरी तू मला असं वागायला लावलंस. ते सगळं आज तुला सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

याची सुरुवात आपल्या टॅक्सवाल्या साहेबांनी केली. एकोणीस वर्षं झाली त्याला. मोटारी बांधायचं, वाइंडिंगचं दुकान तेव्हा चांगलं चालायला लागलं होतं. उन्हाळ्याचे चार महिने अख्ख्या प्रताप नगरचे जळालेले कूलर आपल्याकडे यायचे आणि टॅक्सही वाढत चालला होता. माझं स्वतःचं पीपीएफ होतंच, वर्षाला जेवढं भरता येतं तेवढं मी भरत होतो. साहेब म्हणाले, "वहिनींच्या नावानं दुसरं उघडा ना. पंधरा वर्षं ठेवायचं. व्याजावर टॅक्स नाही, काढताना टॅक्स नाही." मला लगेच पटलं. टॅक्स वाचतो म्हटलं की मला काहीही पटतं.

खातं उघडून परत येताना स्कूटरवर मी तुला स्वच्छ सांगितलं होतं, "नाव तुझं, पैसे माझे. टॅक्ससाठी आहे ते. उगाच डोक्यात काही घेऊ नको."

मागून तू म्हणालीस, "बरं."

तुझ्या 'बरं'ला मी होकार समजत आलो, ही माझी आयुष्यभराची चूक.

डोक्यात तू सगळंच घेतलंस. महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे भरले तर त्या महिन्याचं व्याज मिळतं, सहा तारखेला भरले तर गेलं, हे कुठून तरी तुला कळलं. मग दरवर्षी एप्रिल लागला की माझी शामत. सीझन सुरू झालेला, दुकानात गिऱ्हाइकं उभी, मी तारेच्या गुंडाळीत हात घालून बसलेला आणि तू छत्री मिटून दारात. "चेक द्या." मी म्हणायचो, उद्या बघू. तू गिऱ्हाइकांसमोरच म्हणायचीस, "उद्या सहा तारीख आहे." एकदा तर एक मास्तर हसून म्हणाले होते, देऊन टाका हो, नाहीतर आमचा पंप काही आज होत नाही. त्या दिवशी मी तुला घरी येऊन किती बोललो, आठवतं? तू पावती देवघरातल्या डब्यात ठेवलीस आणि पोळ्या लाटायला बसलीस.

माझं खातं पंधरा वर्षांचं झालं तेव्हा मी ते त्याच महिन्यात मोडलं. निखिलची कॉलेजची फी आणि वरच्या मजल्याचा स्लॅब. एक पैसा टॅक्स लागला नाही, याचं मला केवढं कौतुक! मी दुकानात येईल त्याला सांगत होतो. टॅक्स न लागलेले ते पैसे दोन वर्षांत संपले. तू स्लॅबवर पाणी मारताना एकदा म्हणालीस, "म्हातारपणाचा पैसा होता ना तो?" मी म्हणालो, "म्हातारपणी दुकान आहे."

मग तुझं खातं पिकलं. तेव्हा शेजारचा गाळा रिकामा होत होता आणि मी मनात सगळं मांडून बसलो होतो. तुला म्हणालो, चल पोस्टात, सही कर. तू शांतपणे म्हणालीस, "मी तं वाढवून घेतलं. फारम भरून देल्ला मागच्याच महिन्यात. आता पाच वर्षं हात नाही लावता येत. कायदाच आहे तसा." मी तीन दिवस जेवलो नाही. कायद्यापुढं काय करणार? गाळा दुसऱ्यानं घेतला, तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात.

कायदा तसा नाही, कुंदा. ते मला बारा दिवसांपूर्वी कळलं. वाढवलेल्या मुदतीतही वर्षातून एकदा काही रक्कम काढता येते. पोस्टातल्या बाईनं सहज सांगितलं, "काढता आली असती की काका, मॅडमनी काढली नाही एवढंच." एकतीस वर्षांत तू माझ्याशी खोटं बोललीस ते बहुधा एकदाच, आणि तेही असं की मी पोस्टात जाऊन विचारणार नाही याची तुला खात्री होती.

या मार्चमधलं भांडण मात्र अजून माझ्या कानात आहे. साहेबांनी सांगितलं की नव्या पद्धतीनं टॅक्स भरला तर कमी बसतो, पण मग पीपीएफची वजावट मिळत नाही. मी घरी येऊन जाहीर केलं, आता त्या खात्यात भरणं बंद, फायदाच नाही तर कशाला? तू तेव्हा भाजी निवडत होतीस.

"वजावट नाही भेटत म्हणून भरणं बंद?" तू म्हणालीस. "भाजीवाला फुकट सांबार टाकते पिशवीत. एखाद्या रोजी नाही टाकला तं भाजी घेणं बंद करता काय तुम्ही?"

मी म्हणालो, "मले कोथिंबिरीचं नको सांगू. दुकान मी चालवतो."

"व्याजावर टॅक्स नाही, ते कोणी काढून घेतलं काय? बँकेत एफडी करा, व्याजावर टॅक्स देसान. इथं नाही. उद्या कोणाचं देणं झालं, कोर्टाची जप्ती आली, तरी या पैशाले हात नाही लावत कोणी. आन् सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तुम्हाले मोडता येत नाही."

"मले बोलून राहिली काय तू?"

"मंग कोणाले?"

तेव्हा मी ओरडलो. माझी बहीण बेबी स्वयंपाकघरातून डोकावली इतक्या मोठ्यानं ओरडलो. "नाव तुझं आहे, पैसे माझे आहेत, हे ध्यानात ठेव!"

तू वर बघितलं नाहीस. "मंग काढून दाखवा," म्हणालीस.

त्यानंतर आपण धड बोललो नाही. पासबुकात पाहिलं तर दोन एप्रिलला पाचशे रुपये भरलेले दिसतात. वर्षाला एवढे तरी भरले नाहीत तर खातं झोपतं. घरखर्चातून काढलेस ना? मी चेक दिला नाही, तरी तू ते जागं ठेवलंस.

आणि मग ती सकाळ. दुकानाच्या मालकाचा फोन होता. गाळा विकायला काढला आहे, सव्वीस वर्षांचे भाडेकरू म्हणून आधी तुम्हाला विचारतो, घेता का? तू दारात येऊन म्हणालीस, "छातीत कसंतरी होऊन राहिलं." मी हातानंच थांब म्हटलं. मला वाटलं, पंधरा दिवसांनी बोलतेस ते आता फोनच्या मधे. दहा मिनिटं बोललो मी त्याच्याशी. डॉक्टर म्हणतात त्या दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता. मी त्यांना तीनदा विचारलं, तीनदा त्यांनी तेच सांगितलं. तरी तो हात, थांब म्हणून वर केलेला, मला दिवसातून कितीदा तरी दिसतो. मला माफ कर, हे मी तुला दवाखान्यात म्हणायला हवं होतं. तिथं मी कागदांवर सह्या करत फिरत होतो.

आता पोस्टाचं. मृत्यूचा दाखला हातात आला, तसा मी पासबुक घेऊन गेलो. लपवत नाही, घाई होतीच. मालकाला महिन्याअखेरीस हो की नाही कळवायचं होतं. मी एकसष्ट वर्षांचा. पेन्शन नाही, फंड नाही, माझं खातं केव्हाच खाऊन बसलेलो. दुकान गेलं तर या वयात कोणत्या कोपऱ्यात मोटारी बांधू? तुझे पैसे आणि थोडं कर्ज, एवढ्यात गाळा येत होता. मी मनात म्हणालोही, बघ कुंदा, शेवटी काढलेच.

खिडकीवरच्या बाईनं कागद चाळले आणि म्हणाली, "काका, नॉमिनी तुम्ही नाही."

"असं कसं? मीच उघडलं ते खातं."

"आधी तुमचंच नाव होतं. खातं वाढवलं तेव्हा मॅडमनी बदललं. प्रमिलाबाई कोण?"

"कोण प्रमिला?" मी खरंच म्हणालो. आडनाव आपलं होतं. आणि मग पुढच्या रकान्यात तुझ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: नणंद.

बेबी. माझी धाकटी बहीण. तिचं नाव प्रमिला आहे हे शेवटचं कुणी कधी उच्चारलं असेल कोण जाणे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा बेबी विशीतली होती, आईचं करता करता वय निघून गेलं, लग्न राहिलं ते राहिलंच. आई गेल्यावर ती आपल्याकडे आली आणि तुम्ही दोघी पहिल्या आठवड्यातच भांडलात, लसूण ठेचून घालायचा की चिरून. ते भांडण मिटलं नाही. तू तुझं तिखट वेगळ्या डब्यात ठेवायचीस. महिना-महिना तुम्ही माझ्यामार्फत बोलायचात: तुमच्या बहिणीला सांगा, तुमच्या बायकोला सांगा. समोरासमोर बसून! आणि तू तुझं सगळं हिच्या नावावर केलंस?

मी तिथल्या बाकावर किती वेळ बसलो माहीत नाही. तुझा भयंकर राग आला होता. निखिलला हैदराबादला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, नॉमिनी म्हणजे मालक नाही, वारस आपण दोघं आहोत. मला काही नको. तुम्हाला योग्य वाटेल ते करा." योग्य! मला सोपं पाहिजे होतं.

सोपं होतंच, हेच तर वाईट. बेबीला काही सांगायचीसुद्धा गरज नव्हती. मी समोर ठेवीन तिथं ती सही करते. कामठीचं बाबांचं घर विकलं तेव्हा तिनं हक्क सोडल्याच्या कागदावर अशीच सही केली होती. सगळ्याच घरांत बहिणी करतात, मीही काही वेगळं केलं असं मला वाटलं नाही. मी पेन्सिलनं फुली मारून दिली, तिनं फुलीवर सही केली आणि विचारलं, चहा ठेवू का? त्या पैशांवर दुकान उभं राहिलं. परत येताना बसमध्ये तू म्हणालीस, "तिनं वाचलं पण नाही." मी म्हणालो, घरचीच आहे, वाचायचं काय त्यात? तू म्हणालीस, बरं.

तर मी कागद तयार केला. रक्कम मिळाल्यावर ती भावाच्या खात्यात वळती करावी, असं पत्र. टाइप करून आणलं. आणि मग बारा दिवस ते माझ्या बॅगेत राहिलं. काढायचो, ठेवायचो. बेबी ताट वाढायची आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"काहून जेवून नाही राहिला दादा? वरण खारट झालं काय?"

"नाही."

"वहिनी असती तं म्हणली असती खारट." आणि डोळ्याला पदर लावायची. तू गेल्यापासून ती लसूण चिरून घालते, तुझ्यासारखा. मी विचारलं नाही का ते.

मालकाचा पुन्हा फोन आला, दुसरा माणूस बयाणा घेऊन तयार आहे म्हणून. त्याच संध्याकाळी मी कागद तिच्यासमोर ठेवले. फुल्या आधीच मारल्या होत्या.

"कायचे आहेत गा?"

"वहिनीच्या खात्याचे. पोस्टात द्यायचे आहेत."

तिनं हात पुसले, पेन घेतलं आणि फुली शोधू लागली. मी म्हणणार होतो, वाच आधी. शपथेवर सांगतो, जिभेवर आलं होतं. पण तिनं एक सही केली, दुसरी केली, तिसरी केली. मी कागद बॅगेत घातले आणि मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

काल सकाळी एकटाच पोस्टात गेलो. बाई म्हणाली, चालणार नाही, नॉमिनीला स्वतः यावं लागेल. तेव्हा दुपारी बेबीला घेऊन गेलो. ती तिची जांभळी साडी नेसली होती, तू निखिलच्या लग्नात दिलेली आणि जिच्या रंगावरून तेव्हा तुमचं चार दिवस भांडण चाललं. ऑटोत खूश होती बिचारी. म्हणे, पोस्टात मी कधी आतमधी गेली नाही.

"प्रमिलाबाई!" बाईनं पुकारलं. बेबी जागची हलली नाही. मी कोपरानं ढोसलं तेव्हा उठली.

बाईनं कागद तपासले. तिसरा कागद म्हणजे ते पत्र, तिथं ती थांबली. चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग बेबीला विचारलं, "ही सही तुमचीच?"

"हो जी."

"समजून केली?"

"दादानं सांगितलं, केली."

"काय लिहिलं आहे यात?"

बेबी हसली, लहान मुलीला धडा विचारावा आणि आठवू नये तशी. "ते दादालेच माहीत."

बाई हसली नाही. तिनं पत्र खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, हे सगळे पैसे त्यांच्या खात्यात वळते करा, असं तुम्ही लिहून दिलं आहे. मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. हे पैसे कोणाचे आहेत?"

बेबी माझ्याकडे वळली. "कोणाचे पैसे आहेत, दादा?"

मागं रांग होती. भिंतीतल्या कूलरचं बेअरिंग गेलेलं होतं, त्याची घरघर मला स्पष्ट ऐकू येत होती आणि दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. गाळा माझ्या डोळ्यांसमोर होता, शटरसकट. एक शब्द म्हणायचा होता. मी 'माझे' म्हणालो असतो तर ती बाईकडे वळून म्हणाली असती, दादाचे आहेत जी. तिला कुठलाच संशय नव्हता. तिनं इतक्या सरळ विचारलं होतं की मी जे सांगीन ते तिच्यापुरतं खरं होणार होतं. त्याची मला भीती वाटली. चांगुलपणा सुचला असं समजू नको, कुंदा. भीतीच वाटली.

"तुझे," मी म्हणालो.

"माझे कुठले?"

"वहिनीनं तुह्या नावानं ठेवले. म्हातारपणासाठी."

ती म्हणाली, "वहिनीनं? ती तं मले दिवाळीपासून बोलत बी नव्हती." आणि तिथंच, खिडकीसमोर, खाली बसली. रांगेतल्या एका बाईनं तिला पाणी दिलं. मी ते पत्र कट्ट्यावरून उचललं आणि चार तुकडे करून खिशात घातले. बाईनं बेबीच्या नावाचं बचत खातं उघडायचा फॉर्म काढला आणि स्वतःच भरायला घेतला. प्रत्येक सहीच्या आधी ती बेबीला वाचून दाखवत होती. बेबी मान डोलवायची आणि मग सही करायची. सही करताना तिची जीभ बाहेर येते. मी कधी पाहिलंच नव्हतं, माझं लक्ष फुलीवर असायचं.

कुंदा, तू बरोबर होतीस. हे वाक्य मी तुला एकतीस वर्षांत म्हटलं नाही. एकदा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? मी त्या खात्याकडे टॅक्स वाचवायचं साधन म्हणून पाहिलं. वजावट संपली, माझ्या लेखी ते खातं संपलं. तू त्याच्याकडे एका बाईच्या उतारवयाची सोय म्हणून पाहिलंस. जिला पगार नव्हता म्हणून फंड नव्हता, फंड नव्हता म्हणून पेन्शन नव्हती. तुझं तिच्याशी पटत नव्हतं, तरी तिचं काय होणार हे तूच पाहत होतीस. मी तिचा सख्खा भाऊ. मला सांगितलं असतंस तर मी होऊ दिलं नसतं, म्हणून सांगितलं नाहीस. तेही बरोबर. पण मला सांगण्याजोगा माणूस तू समजली नाहीस, ही जखम मात्र राहील. ती माझी मी मिळवलेली आहे.

घरी येताना ऑटोत बेबी पर्स मांडीवर घट्ट धरून बाहेर बघत होती. मी मालकाला काय सांगायचं याचा विचार करत होतो. नाही म्हणायचं, दुसरं काय? बांधणीचं मशीन जिन्याखाली बसेल कदाचित. गिऱ्हाइकं घरापर्यंत येतील का, माहीत नाही. घाबरलेलो आहे मी, तुझ्याशी काय लपवायचं. प्रताप नगरचा चौक आला तेव्हा ती एकदम म्हणाली, "दादा."

"काय वं?"

"मंग उद्या मी सकाळी नाही उठली तं चालते काय?"

मला आधी कळलंच नाही. "बरं नाही वाटून राहिलं काय?"

"तसं नाही." ती जरा लाजली. "उगीच. निजून राहते म्हटलं. दूध येते पाचले, मंग नळ येते, मंग तुहा डबा. म्हणून विचारलं."

नोकरीतल्या माणसाला एक दिवस हार घालतात, नारळ देतात, कुणीतरी भाषण करतं आणि दुसऱ्या सकाळी तो हक्कानं उशिरा उठतो. बेबी सत्तावन्न वर्षांची आहे. तिला असा दिवस असू शकतो, हे तिला काल दुपारी कळलं आणि मलाही. आणि पैसे तिचे आहेत हे पोस्टात ठरल्यावरही, तिनं ते मलाच विचारलं.

"चालते," मी म्हणालो.

आज दूध मी घेतलं. नळ आला तेव्हा बादल्या मी भरल्या, एक सांडली. चहा केला, साखर कुठं ठेवता ते कळलं नाही म्हणून तसाच प्यालो. मालकाला फोन करून नाही म्हटलं. आता नऊ वाजायला आले आहेत, दुकान उघडायची वेळ टळून गेली, आणि मी आवाज होऊ नये म्हणून स्वयंपाकघरात उभ्यानंच हे लिहून राहिलो आहे. बेबी अजून झोपली आहे.